मास्तरांचा तळहात आणि माझा काटा

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. पाण्याचा नव्हे. पाण्याचा थेंब जरी माझ्या पोटात गेला तरी माझी तब्येत बिघडते. मी गॅस ओढणारा पंप आहे. निळी पेटी, वर एक दांडा, पुढे दोन रबरी नळ्या आणि मधोमध एक गोल तबकडी. त्या तबकडीतला बारीक काटा हा माझा मान. बाकी माझ्यात पाहण्यासारखे काही नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

तुमच्या घरातला फ्रीज कशामुळे थंड होतो? विजेमुळे, असे तुम्ही म्हणाल. वीज नुसती ढकलाढकली करते. खरी थंडी आणतो तो तांब्याच्या नळ्यांतून गोल गोल फिरणारा गॅस. माझ्या तरुणपणी सगळ्या फ्रीजमध्ये जो गॅस असे, त्याला आता सगळे 'जुना' म्हणतात. त्याला वास नाही, रंग नाही, तो पेट घेत नाही. अगदी गरीब गाय. पण हीच गाय दावे तोडून बाहेर पडली की वर वर जाते आणि दोन मोठी नुकसाने करते. सूर्याचे बोचरे किरण अडवणारा आकाशातला पातळ थर ती कुरतडते. शिवाय पृथ्वीवर गोधडी घालावी तशी उष्णता कोंडून ठेवते. धुरातल्या कार्बनचा जो वायू असतो, तो हजारो किलो मिळून जेवढी उष्णता कोंडतो, तेवढी हा एकटा किलोभर गॅस कोंडतो. म्हणजे मूर्ती लहान आणि कीर्ती नको तेवढी महान.

हे कळल्यावर देशोदेशीचे लोक एकत्र बसले. दोन सख्ख्या भावांचे मधल्या भिंतीवरून एकमत होत नाही, तिथे एवढ्या देशांनी एका करारावर सह्या केल्या. अमुक तारखेनंतर हा गॅस बनवायचा नाही, श्रीमंत देशांनी आधी थांबायचे, बाकीच्यांना थोडी सवड द्यायची आणि त्यांच्या मदतीसाठी सगळ्यांचा मिळून एक निधी उभारायचा, असे ठरले. तेवढ्यात कुणा शहाण्याने विचारले की, हा गॅस नव्याने बनायचा थांबेल, पण जो आधीच घरोघरी फ्रीजच्या पोटात बसला आहे त्याचे काय? प्रश्न बिनतोड होता. करार मोठ्या सभागृहात होतो, पण गॅस सुटतो तो गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात. मिस्त्री नळी कापतो आणि तो निसटतो. म्हणून त्याला निसटू न देता ओढून सिलिंडरमध्ये भरणारे पंप बनवले गेले. त्यांतलाच मी एक.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावर तपासणीच्या बाई होत्या. त्या प्रत्येक पंपाला कान लावून ऐकत आणि पसंत पडला तर त्याच्या पाठीवर खडूने खूण करत. माझ्या पाठीवर त्यांनी खूण केली, तेव्हा मला फार बरे वाटले. मग मला थर्माकोलात बसवले, खोक्यात घातले आणि जहाजातून, ट्रकमधून, शेवटी हातगाडीवरून मी एका दुकानाच्या दारात उतरलो.

दुकान अरुंद होते. एका भिंतीला दारे काढलेले फ्रीज रांगेने उभे, दुसऱ्या भिंतीला खिळ्यांवर तांब्याच्या नळ्यांची वेटोळी आणि फळीवर काचेच्या बरण्या. एका बरणीत सरळ केलेले स्क्रू, दुसरीत वायरींचे वीतभर तुकडे, तिसरीत वायसर. दुकानाचे मालक बुटके, चष्मा दोरीला लावून गळ्यात अडकवणारे आणि काहीही फेकून न देणारे गृहस्थ होते. सगळा बाजार त्यांना 'मास्तर' म्हणायचा. त्यांनी कुठल्या शाळेत शिकवले नव्हते. पण त्या भागातले निम्मे मिस्त्री त्यांच्याच हाताखालून गेले होते.

मास्तरांची ख्याती होती ती त्यांच्या उजव्या तळहाताबद्दल. फ्रीज दुरुस्तीला आला की ते पक्कडीने नळी चिमटायचे, फुस्स आवाज व्हायचा आणि सुटणाऱ्या गॅससमोर ते तळहात धरायचे. थंडाव्यावरून क्षणात सांगायचे, हा जुना, हा त्याच्या जागी आलेला नवा, हा एसीतला. शेजारचे दुकानदार ते बघायला जमायचे. तळहात बहुतेक वेळा बरोबर असायचा, हे मला कबूल केलेच पाहिजे. सगळा गॅस मात्र तेवढ्या अवधीत आकाशात पोहोचलेला असायचा.

मला मिळवण्यासाठी मास्तर तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले होते. तिथे त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली, शिकवणाऱ्यांच्या दोन चुका काढल्या आणि पहिल्या नंबराने प्रमाणपत्र आणले. ते चौकटीत घालून भिंतीवर लागले आणि मी त्याच्याखाली. मास्तरांच्या पत्नीने माझ्यासाठी झालरीचे झाकण शिवले. झाकणावर चहाचा पेला आला, मग पक्कड आली, मग वर्तमानपत्र. टेबल म्हणून माझे काम चोख होते. सहा वर्षांत माझ्यावरून एकही पेला पडला नाही.

मास्तर वाईट नव्हते, मित्रांनो. मला एका फ्रीजमधला गॅस ओढायला वीस मिनिटे लागत, पक्कडीला अर्धे मिनिट. गिऱ्हाईक दारात उभे राहून घड्याळ बघत असे. शिवाय जो गॅस दिसत नाही, त्याने कुणाचे वाकडे झालेलेही दिसत नाही. मला वाईट वाटायचे, पण झालरीखाली बसून रागावणार तरी कुणावर?

सातव्या वर्षी मास्तरांची लेक तंत्रशाळेतून हाच धंदा शिकून दुकानात आली. गिऱ्हाइके तिला विचारायची, मिस्त्री कुठे गेलेत? ती हातातला पाना न थांबवता सांगायची, त्यांच्याशीच बोलताय. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्यावरचा पेला, पक्कड, वर्तमानपत्र आणि झालर उचलली. तीन वेळा शिंकली. मग तिने माझे तेल बदलले, गाळणी बदलली, नळ्या धुतल्या आणि बटण दाबले. सहा वर्षांनी माझ्या अंगात वीज खेळली. मी असा काही घरघरलो की समोरचा शिंपी उठून बघायला आला. मास्तर म्हणाले, "घ्या, टेबल बोलायला लागलं."

लेकीने वाद घातला नाही. बापाचा स्वभाव ती ओळखून होती. तिने रिकामे सिलिंडर वजनकाट्यावर ठेवले, वजन खडूने भिंतीवर लिहिले आणि रोजच्या फ्रीजमधला गॅस माझ्याकडून त्यात भरू लागली. महिना संपला तेव्हा तिने मास्तरांना हाक मारून काटा दाखवला. सिलिंडर चार किलोंनी जड झाले होते. मास्तरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. वाकडा स्क्रूसुद्धा ठोकून सरळ करून बरणीत टाकणारा तो माणूस. एका महिन्यात चार किलो माल आपण हातावर घेऊन फुंकून टाकत होतो, हे त्यांना आकाशापेक्षा जास्त लागले. ते स्टुलावर बसले आणि मनाशी तीस वर्षांचा हिशेब करू लागले. तो अर्धाच ठेवून ते उठले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चहाचा पेला खिडकीत ठेवायला सुरुवात केली.

पुढची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सुखाची होती. रोज काम, रोज पुसणे, महिन्याला नवी गाळणी. ओढलेला गॅस गाळून लेक तोच दुसऱ्या फ्रीजमध्ये भरायची आणि शिल्लक राहील तो साठवायची. दरम्यान करारातली ती तारीख उजाडली आणि जुना गॅस बनणे बंद झाले. बाजारात तो मिळेनासा झाला. मिळाला तर भेसळीचा. आमच्या दुकानात मात्र एक सिलिंडर भरून ठेवलेले होते, शुद्ध पाच किलो. दुसरे चालू होते. बाजारातले लोक आता मास्तरांना गॅस मागायला यायचे आणि मास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, ह्याला विचारा. मी फुगून जायचो.

मग लेक बाळंतपणासाठी चार महिने घरी राहिली. इथे माझ्या गोष्टीतला अवघड भाग येतो.

मास्तरांना वाटले, पोर परत येईल तेव्हा दुसरे सिलिंडरही भरलेले दाखवू. ते स्वतः मला चालवू लागले. आमची जोडी छान जमली होती. एक दिवस थंड पेयांच्या दुकानातला बाटल्या ठेवायचा मोठा फ्रीज आला. मास्तरांचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता. त्यांनी नळी थोडीशी सैल केली, सवयीने तळहात धरला आणि म्हणाले, जुनाच. मला जोडले. पहिल्याच घोटाला मला कळले की ही चव वेगळी आहे. माझा काटा उडून वर गेला. पण मास्तर चष्म्याशिवाय माझ्याकडे बघत होते आणि पंपाला तोंड नसते. दीड किलो परका गॅस दुसऱ्या सिलिंडरमधल्या जुन्यात मिसळला.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून मास्तर त्या फ्रीजचा मागचा पत्रा बसवत होते, तेव्हा त्यांना तारेने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा दिसला. आधीच्या कुणा मिस्त्रीने लिहिले होते, 'गॅस बदलला आहे'. मास्तरांनी तो दोनदा वाचला. मिसळलेले दोन गॅस वेगळे करायची सोय दुकानात नसते, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. त्यांनी सिलिंडरकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि पुठ्ठा घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला. लेक परत आली तेव्हा त्यांनी तिला भरलेले सिलिंडर दाखवले. ती इतकी खूश झाली की तिने त्यांच्या हातावर बाळ ठेवले. मास्तर बाळाकडेच बघत राहिले आणि बोलायचे ते राहून गेले. एकदा राहिलेले बोलणे रोज थोडे जड होत जाते.

त्या उन्हाळ्यात दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर स्वतः दुकानात आल्या. त्यांच्याकडे लसींची थंड खोली होती. आसपासच्या सगळ्या लहान मुलांना टोचायच्या लसी तिथे राहत. खोलीचे यंत्र जुन्या गॅसवर चालणारे; त्याची नळी वळणावर तडकली आणि सगळा गॅस निघून गेला. नव्या गॅसचे नवे यंत्र मागवलेले होते, ते जहाजातून यायला दोन महिने होते. सध्या लसी बर्फाच्या पेट्यांत होत्या. सिस्टर म्हणाल्या, "बर्फ बदलत राहिलो तर चार दिवस निघतील. पाचव्या दिवशी त्या लसी मी कुठल्याच बाळाला टोचणार नाही."

बापलेक दोघेही निघाले. मी हातगाडीवर, दोन्ही सिलिंडरे माझ्या शेजारी. मास्तरांनी तडकलेले वळण इतके सुबक झाळले की जोड कुठे आहे ते शोधावे लागले. यंत्राला सात किलो गॅस लागणार होता. लेकीने पहिले सिलिंडर जोडले, माझ्या तबकडीवर तपासले आणि पाचही किलो आत सोडले. मग दुसरे जोडले. माझा काटा हवा त्यापेक्षा बराच वर जाऊन थांबला. गॅस शुद्ध असेल तर त्या खोलीच्या उकाड्यात काटा कुठे थांबायला हवा, हे तिला तोंडपाठ होते. तिने माझ्या काचेवर नखाने टिचकी मारली. काटा हलला नाही. तिने पुन्हा टिचकी मारली.

ती सिस्टरना म्हणाली की पंप जुना झालाय, तबकडी बिघडली असावी; हरकत नाही, वजनावर भरते. मित्रांनो, तेव्हा मला जे वाटले ते सांगता येत नाही. माझी सगळी पत त्या काट्यात. मी खरे सांगत होतो आणि माझेच खोटे ठरत होते. तो मिसळलेला गॅस आत गेला असता तर आधीचे पाच किलोही नासले असते आणि काही तासांत यंत्र जळून गेले असते. लेकीचा हात झडपेवर गेला होता.

"थांब," मास्तर म्हणाले. "उघडू नकोस."

"का?"

"तबकडी बरोबर आहे. माझा हात चुकला."

त्यांनी चष्म्याची डबी उघडून पुठ्ठ्याची घडी तिच्या हातात दिली. सिस्टर, दोन नर्सा आणि दवाखान्याचा वायरमन उभे होते. सगळ्यांसमोर मास्तरांनी सांगितले की पुठ्ठा न वाचता आपण नुसता हात धरला, दीड किलो दुसरा गॅस ह्यात गेला आणि हे आपल्याला गेले तीन महिने माहीत आहे.

लेकीने पुठ्ठा वाचला. मग तिने विचारले, "मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्यासमोर चुकायची सवय नाही गं मला."

तिने दुसऱ्या सिलिंडरची झडप आवळून घट्ट केली. "आता दोन किलो कुठून आणायचे ते बोला," एवढेच ती म्हणाली. मला वाटते, त्या वेळी मास्तरांना तिची बोलणी खाणे सोपे गेले असते.

दोन किलो कुठून आणायचे याचे उत्तर मास्तरांनीच काढले. गावाबाहेर भंगारवाल्या काकूंचे आवार होते. तिथे मोडीत निघालेल्या फ्रीजचा ढीग पडलेला असे. वरून गंजलेले, पण नळ्या शाबूत असल्या तर पोटात अजून थोडा जुना गॅस असायचा. एकेकात फार तर शंभर-सव्वाशे ग्रॅम. काकूंची माणसे तांब्यासाठी त्या नळ्या कुऱ्हाडीने तोडत. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या दिवसाची तोड सुरूच होणार होती. मास्तरांनी कशासाठी आलोत ते सांगितले. काकूंनी कमरेवरचा हात न काढता सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तांबं माझं, वारा तुमचा. घ्या."

दोन दिवस आम्ही त्या आवारात होतो. अशी मेहनत मी आयुष्यात कधी केली नव्हती. मास्तर गुडघ्यावर बसून प्रत्येक फ्रीजच्या मागची गॅसचे नाव लिहिलेली पाटी चष्मा लावून मोठ्याने वाचत. मग लेक मला जोडे. मास्तर तळहात खिशात ठेवून विचारत, काटा काय म्हणतो? काटा जुना म्हणाला तरच आम्ही ओढायचो. संशय आला तर तो फ्रीज बाजूला. कित्येक फ्रीज पोकळ निघाले. गॅस कधीच उडून गेला होता. कुठे शंभर ग्रॅम, कुठे साठ. काकूंची माणसे सुरुवातीला हसत होती. दुपारपर्यंत तीच आम्हाला चांगले फ्रीज निवडून सावलीत ओढून देऊ लागली.

दुसऱ्या दिवशी उन्हाने मी तापलो. जास्त तापलो की मी आपोआप बंद पडतो, तसे मला बनवलेच आहे. लेकीने माझ्यावर ओला टॉवेल टाकला. दहा मिनिटे विश्रांती, मग पाच मिनिटे काम, पुन्हा बंद. रिकाम्या झालेल्या पहिल्या सिलिंडरमध्ये एक किलो तीनशे ग्रॅम झाले होते आणि उद्याचा दिवस हा चौथा होता. सिस्टरनी निरोप पाठवला की बर्फाच्या कारखान्यातही आता लाद्या कमी मिळताहेत. लेक माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि टॉवेलवर तांब्याने पाणी घालत राहिली. मला स्वतःची लाज वाटू लागली.

इतक्यात पलीकडच्या गल्लीतले मिशीवाले मिस्त्री आले. मास्तरांचे जुने स्पर्धक. एकमेकांच्या कामाला नावे ठेवण्यात दोघांची हयात गेली होती. त्यांच्या खांद्यावर एक खोके होते. खोक्यात थर्माकोल आणि थर्माकोलात माझा सख्खा भाऊ, कारखान्यातून आला तसा, पाठीवरची खडूची खूणसुद्धा न पुसलेली. मिशीवाले इकडेतिकडे बघत म्हणाले, "चालवायचा कसा ते जरा विसरलोय."

मास्तरांना टोमणा मारायची अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. त्यांनी तोंड उघडलेही. मग बहुधा पुठ्ठा आठवला असावा, त्यांनी खोके उतरवायला हात लावला आणि म्हणाले, "मीही परवापर्यंत विसरलोच होतो. बसा."

दोघे भाऊ आळीपाळीने राबलो. सूर्य मावळायच्या आत दोन किलो पुरे झाले. रात्रीच्या थंडाव्यात तो गॅस दोन गाळण्यांतून गाळायला ठेवला आणि चौथ्या दिवशी सकाळी लेकीने तो थंड खोलीच्या यंत्रात सोडला. आधी तिने माझा काटा पाहिला. टिचकी मारली नाही. सिस्टर दर अर्ध्या तासाने खोलीचे तापमान मोठ्याने वाचत होत्या: एकवीस, चौदा, नऊ. दुपारी त्यांनी पाच वाचले आणि पुन्हा वाचले. मग बर्फाच्या पेट्या आत नेण्यात आल्या. एकही लस वाया गेली नाही. सगळे झाल्यावर सिस्टरनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि बाळाचा दंड पुसतात तसे मला पुसून काढले. मी खूप प्रमाणपत्रे भिंतीवर पाहिली आहेत, पण तशी शाबासकी कुणाला मिळालेली पाहिली नाही.

मिसळलेले सिलिंडर तसेच राहिले होते. असा गॅस पुन्हा वापरता येत नाही आणि सोडून द्यायचा नाही. तो फार मोठ्या आचेच्या भट्टीत नष्ट करावा लागतो आणि तशी भट्टी तेव्हा आमच्या देशात नव्हती. मास्तरांनी ते सिलिंडर वजनकाट्यावर ठेवले, वजन केले आणि पुठ्ठ्यावर आपल्या अक्षरात लिहून त्याच्या गळ्यात बांधले: 'मिसळलेला गॅस. सिलिंडरसकट वजन अकरा किलो चारशे ग्रॅम. सोडू नये. चूक माझी.' मग ते दुकानाच्या सर्वांत सावलीच्या कोपऱ्यात साखळीने उभे केले.

लोक म्हणायचे, मास्तर, जागा अडलीय, द्या सोडून, कोण बघतंय? कुणी बघत नव्हते हे खरे. अर्ध्या मिनिटाचे तर काम. मास्तर दर सोमवारी साबणाचा फेस करून त्या झडपेला लावायचे आणि बुडबुडा येतो का ते चष्मा लावून पाहायचे. दोनदा त्यांनी झडपेचे वायसर बदलले. नवा मुलगा किंवा मुलगी शिकायला आली की पहिल्या दिवशी त्यांना तो पुठ्ठा मोठ्याने वाचायला लावायचे. 'चूक माझी' हे शब्द ऐकताना आधी मास्तरांचा चेहरा उतरायचा. पुढे पुढे ते स्वतःच हसायला लागले.

अशी नऊ वर्षे गेली. ज्या गॅसला आम्ही 'नवा' म्हणायचो, तोही उष्णता कोंडतो असे निघाले. देश पुन्हा बसले आणि त्यालाही हळूहळू थांबवायचे ठरवले. आता घरोघरी जो गॅस आला आहे तो आकाशाला सौम्य, पण ठिणगीने पेट घेणारा. माझ्या मोटरीत ठिणगी उडते, म्हणून मी निवृत्त झालो. लेकीने नवा पंप घेतला. मी फळीवर बसून त्याचे काम पाहतो. तो माझ्यापेक्षा शांत आहे आणि थोडा गर्विष्ठ आहे, पण काम चांगले करतो.

मग एक दिवस ट्रक आला. करारातल्या त्याच निधीतून आता दुकानादुकानांतला नासलेला गॅस गोळा करून भट्टीकडे पाठवण्याची सोय झाली होती. बरोबर एक तरुण अधिकारी बाई होत्या. मास्तर तोवर काठी घेऊन चालू लागले होते, पण त्या दिवशी सकाळपासून दुकानात हजर होते. अधिकारी बाईंनी पुठ्ठा वाचला आणि सावधपणे सांगितले की एवढ्या जुन्या सिलिंडरमधून बहुतेक गॅस गळून गेलेला असतो, निम्मा निघाला तरी खूप. मग त्यांनी विचारले, एवढी वर्षं कशाला सांभाळलंत, काका?

"चूक माझी होती," मास्तर म्हणाले. "ती हवेत सोडून दुसऱ्यांच्या डोक्यावर कशाला घालू?"

लेकीने सिलिंडर उचलून वजनकाट्यावर ठेवले. अधिकारी बाई वाकल्या. मास्तरांनी चष्मा लावला, पण ते जवळ गेले नाहीत. त्यांनी लेकीलाच विचारले, काटा काय म्हणतो?

"अकरा किलो चारशे, बाबा."

मास्तरांनी मान हलवली आणि बसायला स्टूल शोधले. बाईंनी पुन्हा वजन करून पाहिले. एक ग्रॅमही कमी नव्हता.

तर मित्रांनो, तुमच्या घरी फ्रीज बिघडेल तेव्हा येणाऱ्या मिस्त्रींना एवढेच विचारा की ह्यातला गॅस कुठे जाणार आहे. ते पंप जोडून बसले तर घड्याळाकडे बघू नका. वीस मिनिटे लागतात. त्यांना बसायला काहीतरी द्या, प्यायला पाणी द्या आणि शेजारी उभे राहून काटा काय म्हणतो ते तुम्हीही वाचा.